पाणपोई केव्हा बंद करावी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नागपूर येथे दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण आताच डोळे भरून पाहिला. अशा मंगल प्रसंगी थोडा कडू विषय काढीत आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. राखीव जागा कायमच्या असाव्यात की तात्पुरत्या, हा तो विषय होय.

‘राखीव जागा दहाच वर्षांसाठी होत्या,’ असे आपण वारंवार ऐकतो. हे अर्धसत्य आहे. घटनेच्या ३३४ व्या कलमातील दहा वर्षांची मुदत लोकसभा व विधानसभा यांतील राखीव जागांना होती. ती वेळोवेळी वाढत गेली आणि २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी २०३० पर्यंत पोहोचली. शिक्षण व नोकऱ्या यांविषयीच्या १५ व १६ व्या कलमांत मात्र या सवलतींना वर्षांची मुदत घातलेली नाही.

मग मर्यादा नाहीच काय? आहे, परंतु ती पंचांगात शोधू नये. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम काढला. ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण त्याहून कमी, तेथील पुढची नेमणूक त्यांचीच व्हावी आणि खातेप्रमुखांनी नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीस पाठवावा, अशी त्यात आज्ञा होती. महाराजांनी मुदत घातली नाही, मोजदाद घातली.

आपल्या नागपुरास ही गोष्ट समजावून सांगावयास नको. चैत्रात येथे चौकाचौकांत पाणपोया लागतात. त्या बंद होतात त्या तिथी पाहून नव्हे, मृगाचा पाऊस पडल्यावर. पाऊस लांबला तर रांजण भरतच राहावे लागतात. तथापि पाणपोईची दुसरीही एक रीत आहे : ज्याची तहान भागली त्याने बाजूस व्हावे.

ही दुसरी रीत आपणांस जड जाते. इतर मागासवर्गीयांच्या २७ टक्के जागा सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मान्य केल्या, त्या सधन घटकांना वगळण्याच्या अटीवर. २०१७ साली उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये झाली. परंतु त्या हिशेबात पगार व शेतीचे उत्पन्न धरीत नाहीत. म्हणून खाऊनपिऊन सुखी अशा घरासही दाखला रीतसर मिळू शकतो.

दुसऱ्यांचे कशास, माझेच सांगतो. माझे वडील इतवारीत हातगाडी ओढीत. फीच्या सवलतीवर मी पदवीधर झालो, नोकरीस लागलो. मुलाच्या वेळी नियमाने दाखला मिळत होता. मी तो काढला नाही. मुलगा दोन वर्षे माझ्याशी नीट बोलला नाही. ‘सगळे घेतात, मग आपणच का सोडायचे?’ हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. मी सोडलेली जागा गरजवंतास मिळाली की दुसऱ्या सधनास, हे कळण्यास मार्गही नव्हता. एकट्याने बाजूस होऊन रांग सरकत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

कोणी म्हणेल, ‘जात गेली नाही, मग सवलत का जावी?’ प्रश्न रास्त आहे. ज्यांनी अस्पृश्यता भोगली त्यांच्या वाट्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी केवळ आपल्या घरांविषयी बोलतो. याच स्मरणिकेची अखेरची पाने उघडा. वधू-वर सूचीत पोटजातीचा रकाना आहे. जात जपण्याचे काम हौसेने करावे आणि ती गेली नाही म्हणून तक्रारही आपणच करावी, हे शोभत नाही.

यादीतील नावाचे मोल या शहराने पाहिले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनावर आलेल्या मोर्चातील चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव व भगिनी मृत्यू पावल्या. अनुसूचित जमातींच्या सवलती मिळाव्यात, एवढेच त्यांचे मागणे होते. ज्या घोटासाठी माणसे प्राणास मुकतात, तो तहान नसताना घेणे मला पाप वाटते.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. पुढील वर्षी सूचीतील पोटजातीचा रकाना गाळावा. आणि सत्काराच्या यादीशेजारी दुसरा तक्ता छापावा : आपल्या ज्या घरांत अद्याप कोणीही दहावीच्या पुढे गेलेले नाही, त्यांची संख्या, गाववार. नावे नकोत, केवळ संख्या. ज्यांची तहान भागली त्यांनी मिळून दाखले सोडावेत आणि त्या घरांतील मुलांच्या वसतिगृहाचा खर्च उचलावा.

तो आकडा दरसाल उतरत जाऊन शून्यास पोहोचेल, त्या दिवशी सरकारने विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगू, की आमच्यापुरता पाऊस पडला आहे. तोवर पाणपोई चालू राहिली पाहिजे.

जय हिंद, जय महाराष्ट्र.