हरलेल्यांच्या आठ जागा

मॉरिशस बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनहि लहान. पण त्याची राज्यघटना विचार करण्याजोगी आहे. तेथें 62 सभासद लोक निवडतात. शिवाय हिंदु, मुसलमान, चिनी व इतर या चार जमातींपैकीं ज्यांना जागा कमी पडल्या, त्यांच्या हरलेल्या उमेदवारांतून 8 पर्यंत सभासद घेतात. 1982 सालीं एका आघाडीनें 60 जागा पटकावल्या, तरी विरोधकांतील चौघे या वाटेनें सभेंत बसले. ही सोय आम्हांस पटते. पण हिशेब अजून 1972 च्या खानेसुमारीचा! तेव्हां जन्मलेलें पोर आज पन्नाशी ओलांडून गेलें. जागा जमातीवर द्यावयाच्या आणि जमात मोजावयाची नाहीं, हा कोणता न्याय? मापावांचून वाटलेलें धान्य कोणाच्या पदरांत किती पडलें, हें कोण सांगणार?