चारित्र्य पडताळणी आणि आपले तरुण



बारामती व इंदापूर तालुक्यांतील आपली मुले पहाटे उठून भरतीसाठी धावतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते, कुणाला दौंडच्या राज्य राखीव पोलीस बलात. मैदानी चाचणी होते, लेखी परीक्षा होते, यादीत नाव लागते. आणि मग साक्षांकन नमुना हाती पडतो. कधी गुन्हा दाखल झाला होता काय? अटक झाली होती काय? शिक्षा झाली होती काय? येथे कित्येकांचा हात थांबतो.

पुष्कळदा त्यामागे दारू असते. यात्रेत पिऊन दंगा केला, दारूबंदी कायद्याचे कलम ८५ लागले. पिऊन मोटारसायकल चालविली, मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागले. पोरगा कोर्टात गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि घरी येऊन सांगतो, ‘मिटलं!’ बंधूंनो, ते मिटलेले नसते. कबुली देऊन भरलेला दंड ही शिक्षाच होय. पडताळणीचा कागद पोलीस ठाण्यात येतो, तेव्हा ती नोंद पुढे येते.

मग नमुन्यात ‘नाही’ लिहावे काय? मुळीच नाही. २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. लहान वयात घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा लपविला असेल, तर अधिकारी ते सोडून देऊ शकतो. पण तो त्याचा अधिकार, आपला हक्क नव्हे. खरे सांगितले तरी पूर्वचारित्र्य पाहूनच नेमणूक होते. तथापि खरे सांगणाऱ्यास निदान आपली बाजू मांडता येते. लपविणाऱ्याची बाजू तेथेच लंगडी पडते.

म्हणून आमचे सांगणे असे. वकिलाला विचारल्याखेरीज कबुली देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो, आणि १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. निकालाची नक्कल जपून ठेवा. व्यसन जडले असेल तर लाजू नका. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र चालू आहे.

पंचशीलातील चौथे शील खोटे बोलू नका म्हणते, पाचवे मद्य टाळा म्हणते. पाचवे मोडले असेल, तर ते झाकण्यासाठी चौथे मोडू नका.