एका पंख्याखाली दोघे



आपल्या सभागृहात पंख्यावरून होणारा वाद सर्वांच्या परिचयाचा आहे. मल्लखांब खेळून आलेली मुले पंखा जोरात लावतात. शेजारचे आजोबा उपरणे घट्ट ओढून घेतात. आम्हांस वाटते, दोघांचेही खरे आहे.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या देहातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. व्यायामात ती अनेक पटींनी वाढते. कारण स्नायूंची जेमतेम चौथाई शक्ती कामी येते, बाकीची उष्णता होते. ती घाम वाळताना निघून जाते. म्हणूनच कातडी गार लागत असताना आतली उष्णता मात्र चढत असू शकते. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम दिसण्यापूर्वीच वाळतो. पावसाळ्यात तो नुसता गळतो, गारवा देत नाही.

तेव्हा पालकांनी नुसता कपाळाला हात लावून निश्चिंत होऊ नये. मुलाला चक्कर आली किंवा ते बरळू लागले, तर खेळ तत्काळ थांबवावा, सावलीत नेऊन अंग ओले करावे, वारा घालावा आणि डॉक्टरांस बोलवावे.

आणि मुलांनो, खेळ संपल्यावर घाम पुसा, कोरडा सदरा घाला, मगच आजोबांजवळ बसा. पंखा मध्यम वेगावरही दोघांना पुरेल.