आकड्याचा धाक
(गांधीबाग, नागपूर येथे महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज बोलायचे आहे ते दिवस गेल्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांबद्दल. 'तीन महिने होऊ दे, मग सांग' असे घरातच बजावलेले असते. म्हणजे काळजीचा सगळा काळ बाईने एकटीने काढायचा. त्यात आता रिपोर्टची भर पडली आहे. कापडबाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये मी काम करते. तिथे बायका घडी घातलेला कागद काढतात आणि विचारतात, "ताई, आकडा कमी आहे म्हणे. माझं काही चुकलं का?"

हा आकडा असतो बीटा एचसीजीचा. ज्या पेशींपासून पुढे वार बनते, त्या पेशी हे हार्मोन तयार करतात. पाचव्या आठवड्यात एकीचा आकडा शंभराच्या आत असतो, दुसरीचा काही हजार, आणि दोघींचेही गर्भ चांगले असू शकतात. म्हणून एका आकड्यावरून काही ठरत नाही. दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासून वाढ पाहायची. तो दुप्पट झालाच पाहिजे, हेही खरे नाही. पहिला आकडा 1500 च्या खाली असेल तर दोन दिवसांत निदान 49 टक्के वाढ अपेक्षित धरतात. आकडा मोठा असेल तर त्याहूनही कमी.

सोनोग्राफीचेही तसेच. आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. जिची पाळी चाळीस दिवसांनी येते, तिचे कागदावरचे सहा आठवडे पोटात साडेचारही भरत नाहीत. मग ठोके कुठून दिसणार? पिशवी दिसते पाचव्या आठवड्याच्या सुमारास, ठोके सहाव्याच्या. कुणी लगेच 'पिशवी साफ करा' म्हटले तर मोजमाप विचारा. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ 7 मिलिमीटर किंवा जास्त आणि ठोके नाहीत, किंवा पिशवी 25 मिलिमीटर किंवा जास्त आणि आत गर्भच नाही, तेव्हा गर्भ वाढत नाही असे खात्रीने म्हणतात. त्याच्या आत असेल तर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचे. हे दिवस फार कठीण जातात, मी पाहिले आहे.

आणि गर्भ पडलाच तर? एका मुलीला सासरी सांगितले गेले की शिलाई मशीन चालवली म्हणून पडला. तिने दोन महिने मशीनला हात लावला नाही, घरात येणारे तिचे पैसे थांबले, बोलणी मात्र चालूच. सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांचाच दोष असतो. त्यात ना मशीनचा दोष, ना पपईचा.

'टिकवण्याच्या' इंजेक्शनांबद्दलही विचारत जा. ब्रिटनमध्ये रक्तस्राव होणाऱ्या 4153 बायकांवर प्रोजेस्टेरॉनचा अभ्यास झाला, 2019 साली तो छापून आला. सरसकट सगळ्यांना ठळक फायदा दिसला नाही. ज्यांचे गर्भ आधीही पडले होते आणि आता रक्त जात होते, त्यांना उपयोग होत असावा असे दिसले. आपल्याकडे एकेकाळी गर्भ आहे की नाही हे बघायला जास्त मात्रेची इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची औषधे सर्रास देत. महिला गट आणि आरोग्य कार्यकर्ते त्याविरुद्ध लढले, तेव्हा 1988 मध्ये त्यांवर बंदी आली. तेव्हा 'हे कशासाठी?' हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

घरचे 'सोनोग्राफीत मुलगा आहे का बघ' म्हणत असतील, तर सहाव्या आठवड्यात ते दिसतच नाही, आणि पुढेही सांगणे गुन्हा आहे. महाराष्ट्राने तो कायदा 1988 सालीच केला, देशाचा 1994 चा.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणे, चक्कर, घाम, रक्त जाणे: गर्भ नळीत राहिला असू शकतो. आकडा कमी असला तरी नळी फुटू शकते. रात्री दोन वाजले असले तरी निघा. डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आपल्या गांधीबागेतच आहे. शेजारणीला उठवा, जुने सगळे कागद बरोबर घ्या.

आज ज्यांनी रिपोर्ट आणले आहेत त्यांनी चहानंतर थांबावे. एकेकीचा बघू.