कुंडीतलं आजारपण

कवीला झाडांवर बोलायला सांगितलं, की तो लगेच वसंत ऋतूकडे वळतो. मी आज तसं करणार नाही. आज मी एका कुंडीविषयी आणि माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्या पत्नीनं पुण्यातल्या एका नर्सरीतून अझेलियाचं झाड आणलं. एकच खोड, वर छत्रीसारखा घेर आणि गुलाबी फुलं इतकी, की पान दिसू नये. अझेलिया ही ऱ्होडोडेंड्रॉनच्या गोतातली. उत्तराखंडात ज्याला बुरांस म्हणतात, त्याची चुलत बहीण. थंड हवा, धुकं, कुजलेल्या पाल्याची आंबट माती, हे तिचं माहेर. हे सगळं मला नंतर कळलं.

मार्चमध्ये पत्नी घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. ती अंथरुणाला खिळली आणि घर माझ्या हाती आलं. तिनं एकच गोष्ट सांगितली, ‘माझ्या झाडाकडे लक्ष असू द्या.’

मी लक्ष दिलं. जरा जास्तच दिलं. कुंडी लहान वाटली म्हणून झाड मोठ्या कुंडीत लावलं. गावाकडची काळी माती आणली, चुलीतली राख मिसळली, वर मूठभर युरिया. रोज दोन वेळा बोअरचं पाणी. खालची ताटली सदा भरलेली. मे महिन्यात पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मग पानं गळू लागली. मी घाबरून आणखी पाणी घातलं.

शेवटी ओळखीच्या एका वृद्ध माळीकाकांना बोलावलं. त्यांनी नखानं फांदीची साल खरवडली. आत हिरवं दिसलं. म्हणाले, ‘जीव आहे.’ मग झाड कुंडीतून बाहेर काढलं. बाहेरची काळी माती चिखल झालेली, कडेची मुळं कुजून काळी पडलेली. आणि नर्सरीतून आलेला मुळांचा गड्डा मात्र आत कोरडा ठणठणीत! पाणी काळ्या मातीत साचत होतं, गड्ड्यात शिरतच नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. या झाडाला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण ४.५ ते ६. आपली काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड आणि राख तर अल्कधर्मीच. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात. आणि खत? माळीकाका म्हणाले, ‘तापातून उठलेल्या माणसाला तुम्ही बिर्याणी वाढता का? आधी पेज.’

मग उपचार सुरू झाले. काळी माती हलक्या हातानं झाडली, कुजलेली मुळं कापली. जूनचा पहिला पाऊस झाला होता. बादलीत पावसाचं पाणी धरून गड्डा त्यात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत. खाली भोक असलेली, गड्ड्यापेक्षा दोन बोटं मोठी मातीची कुंडी. त्यात कोकोपीट, पाल्याचं जुनं खत आणि थोडी जाड रेती. खोड आधी होतं तेवढंच वर ठेवलं, कारण याची मुळं केसासारखी बारीक आणि उथळ. खोल पुरली की गुदमरतात. वाळलेल्या फांद्या हिरव्या भागापर्यंत छाटल्या. ताटली काढून टाकली. जागा पूर्वेच्या गॅलरीत, सकाळचं कोवळं ऊन आणि पुढे सावली. वरचा थर सुकू लागला तरच पाणी. नवी पालवी येईपर्यंत खत बंद. आणि एक सावधगिरी: या झाडाची पानं-फुलं विषारी असतात, लहान मुलं, शेळ्या-मेंढ्या यांना लांब ठेवावं.

पुढचे पाच आठवडे काहीच घडलं नाही. नुसतं थांबणं मला फार जड गेलं. त्याच दिवसांत मी सूपची वाटी घेऊन पत्नीच्या उशाशी उभा होतो, तेव्हा ती म्हणाली, ‘अहो, दर तासाला कसं वाटतंय म्हणून विचारू नका. बरं व्हायला मला जरा वेळ द्या.’ मी वाटी टेबलावर ठेवून बाहेर आलो. थोड्या वेळानं पाहिलं, तर वाटी रिकामी होती.

जुलैअखेर जुन्या खोडावर मोहरीएवढे हिरवे कोंब दिसले. मी कुणाला बोललो नाही. दोन दिवसांनी पत्नी वॉकर धरून पहिल्यांदा गॅलरीपर्यंत आली आणि तिनंच ते मला दाखवले.

झाड पूर्वीसारखं झालेलं नाही. छत्रीची एक बाजू गेली ती गेलीच. पत्नीही आता काठी घेऊन चालते. पुढच्या जानेवारीत सात फुलं आली. पूर्वी फुलं मोजायची सोय नव्हती. ही सात तिनं रोज सकाळी मोजली. यंदा फुलं सरल्या सरल्या छाटणी करायची आहे, कारण उशिरा छाटलं तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. कात्री तिच्या हातात असेल. मी फक्त कुंडी धरणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)