काँक्रीट बोलतं तेव्हा



खर्डी गावाच्या उत्तरेला वैतरणा नदीवर मोडकसागर आणि मध्य वैतरणा ही काँक्रीटची धरणं उभी आहेत. मुंबईला त्यांचं पाणी जातं. अशा भिंतीच्या पोटात तडा जाऊ लागला, तर तो डोळ्यांना दिसण्याआधी कळेल का? कळू शकतो, कारण तडा जाताना आवाज होतो.

सूक्ष्म तडा पुढे सरकला की साठलेला ताण मोकळा होतो आणि त्याची लहर पसरते. तिची कंपनं बहुधा सेकंदाला 20 हजारांहून जास्त, म्हणून आपल्या कानांना ऐकू येत नाहीत. पृष्ठभागावर ग्रीस लावून बसवलेले संवेदक ती टिपतात. ही लहर सेकंदाला सुमारे 4 हजार मीटर धावते. ती कोणत्या संवेदकापर्यंत आधी पोचली, यावरून तड्याची जागा काढता येते.

1950 मध्ये जर्मनीत जोसेफ कायझर यांनी दाखवलं, की पूर्वी सोसलेल्या भारापर्यंत पदार्थ शांत राहतो, भार त्यापुढे गेला की पुन्हा आवाज करतो. काँक्रीट त्याआधीच बोलू लागलं, तर आतली हानी वाढली असं समजायचं.

धरणांना असे तडे खरोखरच जातात. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाच्या वरच्या भागात आडवे तडे गेले. पुढे ती भिंत बळकट करण्यात आली.

मात्र थांबलेला जुना तडा आवाज करत नाही. त्यासाठी डोळ्यांनी पाहणी हवीच. घरातही अशी पाहणी करा. घराच्या खांबावर तडा किंवा गंजाचा डाग दिसला, तर वरून सिमेंट लिंपू नका. आधी इंजिनिअरला दाखवा.