उरलेल्या अर्ध्या डब्याचं काय करायचं?

महालक्ष्म्या उठल्या, पाव्हणेरावळे आपापल्या गावी गेले, आणि फडताळात एक अर्धा डबा उरला. आटवलेल्या गोड दुधाचा. दुकानात आपण त्याला सरळ मिल्कमेड म्हणतो, मग कंपनी कोणती का असेना. नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत हिंगोली-वसमतच्या बाजारातून असे डबे घरोघरी येतात. कृती लिहिणारा अर्धाच डबा सांगतो, आणि डबा तर ४०० ग्रॅमचा.

उरलेल्या अर्ध्याला तीन वाटा असतात. एक तर त्याला मुंग्या लागतात. नाही तर तो फ्रीजच्या कोपऱ्यात सुकतो. आणि तिसरी वाट म्हणजे तो घरातल्या तान्ह्या लेकराच्या वाटीत जातो. तिसरी वाट आम्हांला फार महत्त्वाची वाटते, तिच्यावर पुढं बोलूच. आधी डबा चांगल्या रीतीनं संपवूया.

या डब्यात असतं तरी काय? दुधातलं बरंचसं पाणी आटवून काढतात आणि भरपूर साखर घालतात, बस्स. वजनाच्या चाळीस-पंचेचाळीस टक्के साखरच असते. म्हणजे उरलेल्या २०० ग्रॅममध्ये पाऊण-एक वाटी दाट दूध नसून त्यात सहा-सात मोठे चमचे साखर आहे, असं धरून चाला. ही साखर उरलेलं पाणी धरून ठेवते, म्हणून जंतूंना वाढायला जागा मिळत नाही आणि बंद डबा महिनोन्‌महिने टिकतो. अमेरिकेतल्या गेल बोर्डेन यांनी १८५६ मध्ये दूध आटवून टिकवण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. पुढं तिथल्या यादवी युद्धात सैनिकांना हेच डबे गेले. आपल्याकडं दूध आटवायला कुणाच्या पेटंटची गरज पडली नाही. भूम-कुंथलगिरीकडचा खवा सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे.

पण डबा उघडला की हिशोब बदलतो. उघड्या पत्र्यात दूध ठेवू नका. कोरड्या काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डबीत काढा, घट्ट झाकण लावा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. फ्रीज नसेल, किंवा लाईटचा भरवसा नसेल, तर त्याच दिवशी काहीतरी करून टाका. चमचा कोरडाच हवा. ओल्या चमच्यानं बुरशी येते. खाली वाळूसारखे कण बसले तर घाबरू नका, ते दुधातल्याच साखरेचे असतात. मात्र आंबूस वास आला, बुरशी दिसली, किंवा न उघडलेला डबा फुगलेला असला, तर चव घेऊनही बघू नका. टाकून द्या.

आता करायचं काय? आमच्या गटात सगळ्यात जास्त चालते ती वाफवलेली दह्याची वडी. बंगालकडचा हा प्रकार. रात्री दही फडक्यात टांगून ठेवा. सकाळी जितका चक्का निघेल तितकंच हे दूध घ्या, थोडी वेलदोड्याची पूड घाला आणि गुठळी राहणार नाही असं फेटा. तूप लावलेल्या डब्यात ओता, वर झाकण ठेवा म्हणजे वाफेचं पाणी आत पडणार नाही. इडलीपात्रात किंवा खोल पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. पुरतं गार झाल्यावरच कापा. गरम असताना सुरी घातली तर श्रीखंडच हाती येतं. चक्का आंबट नको, एवढंच बघायचं. साखरेचा कण घालायचा नाही.

कलाकंदही सोपा आहे. एक लिटर म्हशीचं दूध उकळून लिंबू पिळून फाडा, फडक्यात गाळा, वरून गार पाणी ओतून लिंबाचा आंबटपणा काढा. पाणी निथळू द्या, पण दगड ठेवून कोरडंठक्क करू नका. त्यात अर्धा डबा दूध घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं हलवत राहा. कडा सोडायला लागलं की ताटात थापा. फाडल्यावर निघालेलं पाणी फेकू नका, भाकरीच्या पिठात किंवा कढीत जातं.

खोबऱ्याची वडी सगळ्यांना येते, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही. अर्ध्या डब्याला दीड-दोन वाट्या सुक्या खोबऱ्याचा कीस पुरतो, पाक करायची भानगड नाही.

हलव्याचं मात्र सांगायला हवं. गाजर घ्या, दुधी घ्या, नाहीतर लाल भोपळा घ्या, ज्याला कुणी डांगर म्हणतं, कुणी काशीफळ. अर्धा किलो कीस तुपावर परता आणि त्याच्याच पाण्यात शिजू द्या. पुरता मऊ झाल्यावर, अगदी शेवटी, पाऊण वाटी हे दूध घाला. आधी घातलं तर साखरेमुळं कीस शिजायला वेळ लागतो आणि दूध बुडाला धरतं.

सीताफळाच्या दिवसांत दूध उकळून त्यात हे चार-पाच चमचे घाला, गार करा आणि मगच सीताफळाचा गर मिसळा. गर चुलीवर चढवला की कडवट होतो. कोजागिरीला एक लिटर दुधाला अर्धा डबा बरोबर बसतो. जायफळ घाला. रंगासाठी केशर परवडत नसेल तर चिमटीभर हळद टाका. वसमतच्या हळदीला दूरदूरचे व्यापारी येतात, मग आपल्या दुधाला का नको? चिमटीच बरं का, नाहीतर कोजागिरीऐवजी खोकल्याचं औषध होईल. उपवासाला भगरीची खीर, रताळ्याची खीर, यांतही साखरेच्या जागी हेच.

मोबाईलवर एक प्रकार दाखवतात: न उघडलेला डबा तसाच पाण्यात किंवा कुकरमध्ये उकळायचा, आतलं दूध तपकिरी, खरपूस होतं. चव छान लागते, पण रीत धोक्याची आहे. पाणी आटलं तर बंद डबा फुटू शकतो आणि उकळतं गोड दूध अंगावर येऊ शकतं. तीच चव हवी असेल तर उरलेलं दूध झाकणाच्या स्टीलच्या डब्यात काढा. कुकरमध्ये तळाला भरपूर पाणी घाला, डबा ठेवा, मंद आचेवर चाळीसेक मिनिटं होऊ द्या. वाफ आपोआप जिरल्यावरच उघडा. पोळीला लावून द्या, पोरं गुळांबा विसरतील.

आता ती तिसरी वाट. हळद काढणीचे, शिजवणीचे दिवस असतात, माय पहाटे वावरात जाते, तान्हं लेकरू आजीपाशी. लेकरू रडतं. आजी मायेनंच डब्यातलं दोन चमचे गोड दूध पाण्यात कालवते. लेकरू चाटून पितं, झोपतं. आजीला वाटतं, पोट भरलं.

पोट साखरेनं भरलेलं असतं. वाढीला जे लागतं ते त्यात पुरेसं नसतं. पाणी आणि वाटी स्वच्छ नसली तर जुलाब लागतात, आणि गोडाची सवय झालेलं लेकरू अंगावर प्यायला कंटाळलं की आईचं दूधही कमी होतं. ही आजची गोष्ट नाही. १९३९ मध्ये सिंगापूरमध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी याच गोड डब्याच्या दुधावर भाषण केलं. तान्ह्या बाळांसाठी हे दूध चांगलं म्हणून आयांच्या गळी उतरवलं जात होतं आणि बाळं दगावत होती. त्यांनी भाषणाला नावच दिलं ‘दूध आणि खून’. ज्या सभेत त्या बोलल्या ती शहरातल्या मान्यवरांची होती, तरी त्यांनी शब्द मऊ केले नाहीत.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेली बाळांसाठीची सूचना सुनेनं आजीला एकदा मोठ्यानं वाचून दाखवावी. कामाला जाताना आईनं आपलं दूध स्वच्छ वाटीत काढून ठेवता येतं आणि ते चमच्यानं पाजता येतं. कसं काढायचं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात किती वेळ ठेवायचं, हे आशाताईंना विचारा, त्या घरी येऊन दाखवतात. दूध कमी पडतंय असं वाटलं तरी आधी त्यांनाच गाठा, दुकान नंतर. मजुरीवर मुकादमाशी बोलून दुपारी लेकराला पाजायला घरी येता येईल का, हे एकटीनं विचारण्यापेक्षा चौघींनी मिळून विचारलेलं बरं.

घरात कुणाला साखरेचा आजार असेल तर वरच्या सगळ्या पदार्थांत साखर दिसत नसली तरी ती आहेच, हे ध्यानात ठेवा. वडी लहान कापा.

ज्यांच्या दारात म्हैस आहे त्यांनी पुढच्या सणाला डबा आणूच नये, असं आमचं मत आहे. एक लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात निम्मं आटवा, २०० ग्रॅम साखर घाला आणि अर्धा लिटरपेक्षा जरा कमी होईपर्यंत हलवा. हे डब्याइतकं टिकत नाही, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. पण लागेल तेवढंच करता येतं, अर्धं उरत नाही. गटाला मिठाईची ऑर्डर असेल तर मात्र डबाच घ्या, दर वेळी चव सारखी येते. आणि एकीनं अर्धा, दुसरीनं अर्धा असा वाटून घ्या.

रिकाम्या डब्याला आतून चिकटलेलं दूध बोटानं पुसू नका, पत्र्याची कड फार धारदार असते. दोन घोट गरम दूध ओतून खळबळा आणि ते चहात घाला. त्या चहाला साखर लागत नाही.